आधी शेक, मग ऑपरेशन : मांडीतल्या सार्कोमाचा माझा अनुभव

मी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत नोकरी करते. २०२४ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, माझ्या डाव्या मांडीत सॉफ्ट टिश्यू सार्कोमा निघाला. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये आधी रेडिएशन (आम्ही त्यालाच शेक म्हणतो) आणि नंतर शस्त्रक्रिया अशा क्रमाने उपचार झाले. स्तनाच्या किंवा तोंडाच्या कॅन्सरबद्दल मराठीत पुष्कळ वाचायला मिळतं. सार्कोमाबद्दल मला तेव्हा फारसं काही सापडलं नाही, आणि ज्यांना विचारावं असं ओळखीचं कुणी नव्हतं. म्हणून काय काय झालं ते तारीखवार लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या गाठीला जे लागू पडलं ते तुमच्या गाठीला पडेलच असं नाही, हे धरून वाचा.

सार्कोमा हा स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, नसांची आवरणं अशा भागांतून उगवणारा कॅन्सर. मोठ्या माणसांना होणाऱ्या सगळ्या कॅन्सरमध्ये त्याचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास, आणि त्यातही पन्नासाहून जास्त प्रकार. त्यामुळे गावातल्या डॉक्टरांनी आयुष्यात एखादाच पेशंट पाहिलेला असतो. चरबीच्या साध्या गाठी मात्र ते रोज पाहतात.

माझी गाठ संक्रांतीच्या सुमारास हाताला लागली. मांडीच्या आतल्या बाजूला, खोल, न दुखणारी. मार्चअखेरची कामं संपेपर्यंत ती साडी नेसतानाही जाणवू लागली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगलीतल्या एका सर्जनकडे पाठवलं. मला वाटलं होतं, भूल देऊन अर्ध्या तासात काढून देतील. त्यांनी गाठ चाचपली, मला पाय आवळायला सांगून पुन्हा चाचपली आणि म्हणाले, "ताई, ही स्नायूच्या आत आहे आणि पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे. एमआरआय झाल्याशिवाय मी हिला हात लावणार नाही."

त्या एका वाक्यासाठी मी त्यांची कायम ऋणी राहीन. पुढे टाटामध्ये रांगेत बसल्यावर कळलं की कितीतरी जणांची गाठ आधी कुठेतरी 'चरबीची' म्हणून कापली गेलेली असते. तसं झालं की गाठीतल्या पेशी सगळ्या जखमेत पसरलेल्या असू शकतात. मग पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते, आधीच्यापेक्षा मोठी, आणि शेकही मोठ्या भागाला द्यावा लागतो. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, खोल असेल, वाढत असेल किंवा एकदा काढून परत आली असेल, तर कापण्याआधी एमआरआय आणि सुईची बायोप्सी झालीच पाहिजे. ही एवढी गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

एमआरआयला साडेसात हजार रुपये लागले. रिपोर्टमध्ये गाठ ११ सेंटिमीटर लांब, मांडीच्या आतल्या स्नायूंमध्ये, मुख्य रक्तवाहिन्यांना लागून असल्याचं लिहिलं होतं. सर्जननी चिठ्ठी लिहून दिली आणि आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसचं आरक्षण केलं.

टाटामध्ये ६ मे रोजी, सोमवारी, नाव नोंदवलं. दादरला उतरून सकाळी लवकर पोचलो तरी आमच्या आधी शेकडो माणसं होती. नोंदणीच्या वेळी आधारकार्ड, आधीचे सगळे कागद आणि डॉक्टरांची चिठ्ठी लागते. जनरल की प्रायव्हेट हे तिथेच ठरवावं लागतं. आम्ही जनरल घेतलं. डॉक्टर तेच असतात, खर्चात फार फरक असतो. मग फाईल नंबर मिळतो आणि एक स्मार्टकार्ड मिळतं. त्यात पैसे भरायचे आणि प्रत्येक तपासणीचे त्यातूनच वजा होतात. फाईल नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये, पर्समध्ये आणि एमआरआयच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. तिथे तुमचं नाव नंतर, नंबर आधी.

हाडं आणि सॉफ्ट टिश्यू यांची ओपीडी वेगळी असते. तिथे तरुण मुलं खूप दिसली. कुणी कुबड्यांवर, कुणी आईच्या खांद्यावर हात टाकून. आमचे हे एरवी कुणाशीही बोलतात, त्या दिवशी गप्प बसून होते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगलीची सीडी लावून पाहिली आणि बायोप्सीची तारीख दिली.

बायोप्सी जागेवर भूल देऊन जाड सुईने झाली. टोचताना दाब जाणवला, दुखलं असं म्हणता येणार नाही. सुई कुठून घालायची ते डॉक्टरांनी पेनाने रेघ मारून ठरवलं, कारण पुढे शस्त्रक्रियेत सुईचा तो मार्गही गाठीबरोबर काढतात. ज्या ठिकाणी ऑपरेशन होणार तिथेच बायोप्सी करणं का बरं, हे तेव्हा समजलं.

रिपोर्टला दोन आठवड्यांच्या वर वेळ लागला. सार्कोमाचा नेमका प्रकार ठरवायला साध्या तपासणीनंतर आणखी तपासण्या कराव्या लागतात, काही वेळा जनुकाचीही. हे माहीत नसलं की माणूस रोज फोन करत बसतो. त्या काळात छातीचा सीटी स्कॅन झाला, कारण सार्कोमा पसरला तर बहुतेक वेळा आधी फुप्फुसात जातो. निदान आलं मिक्सॉइड लायपोसार्कोमा. चरबीच्या पेशींचा हा एक प्रकार आहे, साधारण तीस ते पन्नासच्या वयात जास्त दिसतो आणि मांडी ही त्याची आवडती जागा. हा प्रकार पाठीच्या कण्यासारख्या ठिकाणीही जाऊ शकतो म्हणून मणक्याचाही एमआरआय केला. छाती स्वच्छ, मणका स्वच्छ. तो रिपोर्ट हातात आला तेव्हा परळच्या फुटपाथवर उभी राहून मी पोटभर रडले. महिनाभरात पहिल्यांदाच.

मेच्या अखेरीस आमची केस संयुक्त क्लिनिकमध्ये लागली. एका खोलीत सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर आणि औषधोपचाराचे डॉक्टर एकत्र बसतात आणि पेशंटला समोर घेऊन ठरवतात. मला वाटत होतं की ऑपरेशन हा खरा उपचार आणि काही उरलंसुरलं तर शेक. तिथे कळलं की माझ्यासारख्या मोठ्या आणि खोल गाठीत दोन्ही मिळून एकच उपचार असतो, आणि कोणतं आधी हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं.

रेडिएशनच्या डॉक्टर बाईंनी वेळ काढून समजावलं. पूर्वी अशा गाठीला पाय कापणं हाच उपाय मानत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने १९८२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ४३ रुग्ण होते. काहींचा अवयव कापला, बाकीच्यांची फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं. जगण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक पडला नाही. तेव्हापासून पाय वाचवणं रुळलं, आणि ते शक्य झालं रेडिएशनमुळे. गाठीभोवती डोळ्यांना न दिसणाऱ्या ज्या पेशी पसरलेल्या असतात त्यांचा बंदोबस्त शेक करतो, म्हणून सर्जनला सगळी मांडी काढावी लागत नाही.

मग आधी की नंतर? यावर कॅनडात १९० रुग्णांचा अभ्यास झाला होता, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी शेक दिला तर डोस कमी लागतो, ५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप). शस्त्रक्रियेनंतर दिला तर ६० ते ६६ ग्रे लागतो आणि सगळ्या जखमेचा भाग त्यात घ्यावा लागतो. पण आधी शेक घेतलेल्यांत जखम नीट न भरण्याचा त्रास १०० पैकी ३५ जणांना झाला, नंतर घेतलेल्यांत १७ जणांना. उलट, नंतर शेक घेतलेल्यांत पुढे कातडी-स्नायू कडक होणं, सांधा आखडणं, पाय सुजणं हे जास्त आढळलं आणि ते बहुधा कायमचं राहतं. थोडक्यात, जखमेचा त्रास काही महिन्यांचा, पण भरून येणारा. कडकपणाचा त्रास जन्माचा.

माझ्या बाबतीत आणखी दोन कारणं होती. गाठ रक्तवाहिन्यांना चिकटून होती आणि मिक्सॉइड प्रकार शेकाला चांगला दबतो, आकसतो. म्हणून 'आधी शेक' ठरलं. केमोची गरज नाही असं औषधोपचाराच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी विचारलं, "म्हणजे गाठ अजून तीन महिने माझ्या अंगातच राहणार?" सर्जन म्हणाले, "राहणार, पण ती तेवढे दिवस मार खात राहणार." घरी कुणाला हे पटेना. जाऊबाई फोनवर रोज म्हणायच्या, "काढून टाका म्हणावं आधी." मलाही रात्री तेच वाटायचं. पण त्या खोलीत तीन वेगवेगळ्या डॉक्टरांनी माझ्यासमोर बोलून एकमत केलं होतं, आणि त्या आठवणीवर मी तग धरला. तुम्हालाही कुणी सरळ ऑपरेशनची तारीख दिली, तर चाकू लागण्याआधी रेडिएशनच्या डॉक्टरांना एकदा भेटवा असं आवर्जून मागा. नंतर भेटलं की आधीचा पर्याय संपलेला असतो.

माझ्यापेक्षा लहान वयाच्या पेशंटनी अजून एक विचारून घ्यावं. मांडीच्या वरच्या भागाला शेक असेल तर बीजाशयापर्यंत किंवा वृषणापर्यंत थोडा डोस पोचू शकतो. मूल हवं असेल तर सुरुवात होण्याआधीच हा विषय काढा. डॉक्टर गर्दीत विसरले तरी तुम्ही विसरू नका.

आता कागदपत्रं. आमचं केशरी रेशनकार्ड आहे, त्यामुळे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसलो. रेशनकार्ड, आधार, डॉक्टरांनी भरलेला उपचाराचा कागद, बायोप्सीचा रिपोर्ट आणि फोटो लागले. आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे रुग्णालयातले मदतनीस, ते ऑनलाइन भरतात आणि मंजुरी यायची वाट पाहायची. रेशनकार्डावर माझं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, इथे गाडी अडली. ह्यांनी परत गावी जाऊन तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेतून नाव दुरुस्त करून आणलं, त्यात आठवडा गेला. घरात कुणाला काही झालेलं नसतानाच रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळवून घ्या. रेडिएशन आणि शस्त्रक्रिया यांची मंजुरी आमच्या बाबतीत वेगवेगळी घ्यावी लागली. योजनेत न बसणाऱ्यांनी समाजसेवा विभागात जरूर जावं. तिथले समाजसेवक मुख्यमंत्री सहाय्यता निधी, पंतप्रधान निधी आणि ट्रस्ट यांचे अर्ज कसे करायचे ते सांगतात.

राहायला दादर पूर्वेच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. रुग्णालयाचं पत्र लागतं आणि जागा रिकामी असावी लागते, त्यामुळे पहिल्याच भेटीत नाव घालावं. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदनही आहे. नातेवाइकांकडे डोंबिवलीला राहून रोज लोकलने यायचा विचार आम्ही केला होता, पण शेवटच्या आठवड्यांत तो प्रवास झेपला नसता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सिम्युलेशन झालं. म्हणजे शेकाची तयारी. रोज पाय अगदी त्याच स्थितीत यावा म्हणून पायाचा साचा बनवतात. माझा डावा पाय गुडघ्यात किंचित वाकवून बाहेर फिरवला, उजवा पाय लांब सरकवला, म्हणजे त्याला किरण लागू नयेत. तसंच पडून सीटी स्कॅन झाला. कातडीवर पेनाच्या खुणा केल्या आणि दोन-तीन ठिकाणी तिळाएवढे ठिपके गोंदले. मांडी उघडी ठेवून अनोळखी माणसांसमोर पडायचं या विचाराने मला आदल्या रात्री झोप नव्हती. तुम्हाला संकोच वाटत असेल तर बाई टेक्निशियन आहेत का असं सरळ विचारा. मी विचारलं आणि त्यांनी लगेच सोय केली. चादर असते, फक्त लागेल तेवढाच भाग उघडा ठेवतात. साडी नेसून जाऊ नका. पुढून उघडणारा सुती गाऊन आणि जुना, सैल परकर सगळ्यांत सोयीचा. शाईचे डाग कपड्यांना लागतात आणि ते निघत नाहीत.

त्यानंतर डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ मिळून संगणकावर आखणी करतात. मांडीचा पूर्ण घेर किरणांखाली येणार नाही, एका बाजूची उभी पट्टी मोकळी राहील अशी आखणी असते. त्या पट्टीतून लसिकेचा, म्हणजे पायात साठणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाचा, वर जाणारा प्रवाह चालू राहतो. तो तुटला तर पाय कायमचा सुजतो.

१७ जूनला बकरी ईदची सुट्टी होती, म्हणून १८ जूनला, मंगळवारी, पहिला शेक मिळाला. एकूण २५ ठरले होते, रोज २ ग्रे, सोमवार ते शुक्रवार. आत गेल्यावर साच्यात पाय ठेवायचा, टेक्निशियन खुणा आणि प्रकाशाच्या रेषा जुळवतात आणि बाहेर जातात. जड दार लागतं. यंत्र गोल फिरतं, बारीक गुणगुण येते. काही जाणवत नाही. ऊब नाही, झिणझिण्या नाहीत. जुळवण्यातच जास्त वेळ जातो, प्रत्यक्ष किरण काही मिनिटांचे. पहिल्या दिवशी मी डोळे घट्ट मिटून रामरक्षा म्हटली आणि ती पूर्ण व्हायच्या आत दार उघडलं. पुढे रोज तोच नेम ठेवला. घरी बरेच जण विचारत की तुझ्याजवळ लहान मुलांनी यावं का. बाहेरून दिलेल्या शेकाने आपल्या अंगात किरण राहत नाहीत. पोराबाळांना खुशाल जवळ घ्या.

पहिले दोन आठवडे मी रोज शिवाजी पार्कपर्यंत चक्कर मारून यायचे. तिसऱ्या आठवड्यात मांडी लालसर झाली, तिथले केस गेले. चौथ्यात जांघेजवळची कातडी काळी पडली आणि घडीत सोलली. चालताना मांड्या घासतात, तिथे आग व्हायची. वन्संनी कोरफड पाठवली, कुणी हळदीचा लेप सांगितला. मी काहीच लावलं नाही, आठवड्याच्या तपासणीत डॉक्टरांना विचारलं. त्यांनी दिलेलं मलम तेवढं लावलं, तेही शेकाच्या आधी नाही, नंतर. कोमट पाण्याने अंघोळ, साबण खुणांवर चोळायचा नाही, टॉवेलने टिपायचं. परकराची नाडी जांघेवर येणार नाही अशी वर बांधायची किंवा सैल गाऊनच वापरायचा. खुणा पुसट झाल्या तर स्वतः पेन फिरवायचा नाही, टेक्निशियनला सांगायचं.

थकवा हे सगळ्यांत मोठं. दुपारी अडीचला अंगातून वीज काढून घेतल्यासारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, थोडं चालणं सोडू नका आणि प्रथिनं वाढवा. मला अंडी चालतात, ती रोज दोन, शिवाय डाळ, दही, शेंगदाणे. पुढे जखम भरायची ती याच जोरावर.

८ जुलैच्या पहाटे मुंबईत तुफान पाऊस झाला, लोकल ठप्प झाल्या. दादर-परळच्या रस्त्यांवर पाणी होतं. एक शेक चुकला तर सगळं वाया जाईल या भीतीने मी सकाळी रडकुंडीला आले होते. फोन केला तर तिकडून शांतपणे सांगितलं, दुपारी या, आणि नाहीच जमलं तर तो शेवटी जोडू. एखादा दिवस असा पुढे गेला तर चालतं. मात्र कंटाळून किंवा सणासाठी घरी जाऊन मध्येच मोठा खंड पाडणं योग्य नाही. १७ जुलैला आषाढी आणि मोहरम एकाच दिवशी आले, त्या दिवशी सुट्टी. २३ जुलैला शेवटचा शेक झाला. रोजच्या रांगेतल्या बिहारच्या एका आजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

शेक संपला म्हणजे त्रास संपला असं मी धरून चालले होते. कातडी खरी सोलवटली ती पुढच्या आठवड्यात. पण दोन-तीन आठवड्यांत नवी कातडी आली. शेक आणि शस्त्रक्रिया यांत साधारण चार ते सहा आठवडे ठेवतात. कातडी सावरायला तेवढे लागतात, आणि त्याहून फार लांबवलं तर आतले भाग कडक होऊ लागतात. तो काळ गावी काढला. ऑगस्टच्या मध्यावर पुन्हा एमआरआय झाला. गाठ ११ वरून ८ सेंटिमीटरवर आली होती आणि रक्तवाहिन्यांपासून जराशी सुटलेली दिसत होती. छातीचा सीटी पुन्हा स्वच्छ. भुलीच्या डॉक्टरांची तपासणी, ईसीजी, रक्त, सगळं झालं.

२८ ऑगस्टला, बुधवारी, शस्त्रक्रिया झाली. ह्यांच्या हिशेबाने चार तासांच्या आसपास मी आत होते. गाठ, तिच्याभोवतीचा निरोगी स्नायूचा थर, बायोप्सीचा मार्ग असं सगळं एका तुकड्यात काढलं. रक्तवाहिन्या आणि नस वाचली. शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा पायाचा अंगठा हलवून पाहिला.

मांडीच्या आतल्या बाजूच्या जखमा भरायला वेळ घेतात, आणि आधी शेक झालेला असला की आणखी. हे मला आधी स्पष्ट सांगितलेलं होतं, म्हणून पुढचं सोसता आलं. ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, घेऊनच घरी, अर्थात धर्मशाळेत, सोडलं. रोज सकाळी एकाच वेळी बाटलीतलं पाणी मोजून वहीत लिहायचं. रंग कसा आहे तेही. ती वही डॉक्टर दर वेळी पाहायचे आणि तिच्यावरूनच नळी कधी काढायची ते ठरलं. बाटली अडकवायला ह्यांनी गाऊनला आतून खिसा शिवून घेतला, तो फार उपयोगी पडला.

त्यातच ७ सप्टेंबरला गणपती बसले. परळ-लालबागला त्या दहा दिवसांत रस्ते बंद असतात, टॅक्सी मिळत नाही. तुमची ड्रेसिंगची तारीख गणपतीत आली तर सकाळी सातच्या आत निघा आणि रस्ते कुठे वळवलेत ते आदल्या रात्री पाहून ठेवा.

शेकलेल्या कातडीचे टाके उशिरा काढतात. तरीही जखमेचं खालचं टोक दोन बोटं उघडलं. वास नव्हता, ताप नव्हता, पण रोज ड्रेसिंग भिजायचं. माझा धीर त्या टप्प्यावर सगळ्यांत जास्त खचला. कॅन्सर निघाला होता आणि मी एवढ्याशा भोकासाठी रडत होते. आरशासमोर उभं राहवत नसे. सप्टेंबरच्या अखेरीला आम्ही गावी आलो. तिथल्या सिस्टर घरी येऊन ड्रेसिंग करायच्या, दर खेपेला दोनशे रुपये. ताप, पसरत जाणारी लाली, पू किंवा अचानक वाढलेली सूज दिसली तर थेट रुग्णालयात यायचं असं लिहून दिलेलं होतं. तसं काही झालं नाही. दिवाळीच्या आधी जखम बंद झाली.

गाठीचा अंतिम रिपोर्ट सप्टेंबरमध्येच आला होता. कडा स्वच्छ, म्हणजे कापलेल्या बाजूंवर कॅन्सरच्या पेशी नाहीत. गाठीतला मोठा भाग शेकाने मेलेला. पुन्हा शेक नको, केमो नको. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे वळले तरी मी तो कागद हातात धरून बसून राहिले. ह्यांनी तो तीनदा वाचायला लावला.

व्यायाम ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून पलंगावरच सुरू झाले. गुडघा वाकवणं, मांडी ताठ करून सोडणं. जखम उघडल्यावर काही दिवस ताणायचे व्यायाम थांबवले, बाकीचे चालू ठेवले. घरी येण्याआधी दोन गोष्टींची सोय करा. एक, कमोड. आमच्याकडे भारतीय पद्धतीचा संडास होता, त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची अडीच हजारांना आणली. दोन, जेवायला टेबल किंवा उंच पाट. मांडी घालून बसायला मला सात-आठ महिने लागले, आणि आजही डावा गुडघा थोडा वर राहतो. घोट्याशी संध्याकाळी सूज येते, म्हणून दाबाचा मोजा सकाळी उठल्याउठल्या, पाय खाली टाकायच्या आत चढवते. तो मापाचाच घ्यावा लागतो. शेक घेतलेलं मांडीचं हाड पुढे ठिसूळ होऊ शकतं, म्हणून पडण्याचं फार जपायचं आणि मांडीत नवं दुखणं सुरू झालं तर एक्स-रे करून घ्यायचा, असं बजावलंय. न्हाणीघरात मी आधाराची दांडी बसवून घेतली.

जानेवारी २०२५ मध्ये कामावर रुजू झाले. सुरुवातीला काउंटरच्या उंच स्टुलाऐवजी आतल्या टेबलावर काम दिलं. स्कूटी मार्चमध्ये चालवली.

खर्चाचं म्हणाल तर रेडिएशन आणि शस्त्रक्रिया योजनेतून झाली. मंजुरीच्या आधीच्या तपासण्या, प्रवास, राहणं, खाणं, टॅक्सी, ड्रेसिंग, मोजे, खुर्ची मिळून खिशातून लाखाच्या जवळपास गेले. त्याशिवाय माझी बिनपगारी रजा आणि ह्यांचं बुडालेलं काम. हे दुसरं कुठल्याही योजनेत बसत नाही, म्हणून त्याची तजवीज आधी करावी. सगळी बिलं, रजेच्या अर्जांसाठी लागणारे दाखले आणि रिपोर्टच्या झेरॉक्स यांच्या तीन वेगळ्या फायली ठेवा.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. छातीचं चित्र आणि मांडीची तपासणी, गरजेप्रमाणे एमआरआय. पहिली दोन-तीन वर्षं अशीच, मग अंतर वाढत जातं. तपासणीच्या आधीचा आठवडा मला अजूनही जड जातो. त्या आठवड्यात घरात कुणी मला "काळजी करू नकोस" म्हणायचं नाही असं ठरलंय. जाऊबाई नुसत्या संध्याकाळी येऊन बसतात.

प्रवासासाठी रेल्वेची सवलत आहे, ती पुष्कळांना माहीत नसते. कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी किंवा तपासणीसाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या माणसाला त्याच वर्गांत ७५ टक्के सूट मिळते. रुग्णालयातून ठरावीक फॉर्म सही-शिक्क्यासह घ्यायचा आणि स्टेशनच्या आरक्षण खिडकीवर द्यायचा. मोबाइलवरून हे तिकीट निघत नाही. फॉर्मवर कुठून कुठे जायचं ते नीट लिहिलंय ना हे तिथल्या तिथे तपासा. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधीच उघडतं, आणि आमच्याकडून मुंबईच्या रात्रीच्या गाड्या लवकर भरतात. त्यामुळे पुढची तारीख मिळाली की ओपीडीतून निघण्याआधीच मी फॉर्म भरून घेते आणि कालनिर्णयवर दोन खुणा करते, एक तपासणीच्या दिवसावर, दुसरी त्याच्या दोन महिने आधी.